मामाजी आणि मशीनचे तीन मालक

मुलीसाठी स्थळ बघायचं म्हटलं की भिवापुरातली माणसं आधी मुलाची शेती बघतात, मग पगार, मग मामा-मावशांचा गोतावळा. मामाजी मुलाची मोटरसायकल बघतात. बाकीची मंडळी आत पोहे खात असतात आणि मामाजी अंगणात उकिडवे बसून चेनला बोट लावतात, बोटाचा वास घेतात, ब्रेकची केबल दोन चिमटींत धरून बघतात. आत सगळ्यांच्या माना डोलून झाल्या, बोलणी मानपानावर आली की हे रुमालाला हात पुसत येतात आणि एका बाजूला घेऊन सांगतात, "चेन कोरडी हाय. साइड स्टँडची स्प्रिंग तुटली तं तारेनं बांधून ठेवली. हा पोट्टा पुढचं पाहणारा नाई."

एका स्थळाच्या वेळी मात्र ते आत आले तेच म्हणाले, "आरशाचे दोन्ही नट सारखे कसले हाय. देऊन टाका पोरगी." पोरगी दिली, ती सुखात आहे, आणि मामाजींचं शास्त्र गल्लीत सिद्ध झालं. ज्या मुलांना त्यांनी नापास केलं त्यांचेही संसार नीट चालले आहेत, पण तो हिशेब कोणी ठेवत नाही.

मामाजी कुणाचेच सख्खे मामा नाहीत. ते एस.टी.च्या आगारात स्टोअरकीपर होते. नोकरीभर त्यांनी हजारो पार्ट खिडकीतून दिले, बसवला एकही नाही. त्यांचा नियम कडक होता: जुना जमा करा, मग नवा न्या. मेकॅनिक जळलेली क्लच प्लेट खिडकीत आपटायचा आणि मामाजी ती उलटीसुलटी करून, गाडीचा नंबर न विचारता, ड्रायव्हरचं नाव सांगायचे. "हा क्लचवर पाय ठेवून झोपते." ब्रेक लायनर बघून, "याची घरी भांडणं चालू हाय." असं म्हणतात की एका ड्रायव्हरची बदली व्हायची होती ती मामाजींनी त्याचं घासलेलं टायर बघून आधीच सांगितली होती. हे मला खरं वाटत नाही, पण आगारातली माणसं शपथेवर सांगतात.

निवृत्तीनंतर खिडकी गेली, सवय राहिली. आता त्यांच्या ओसरीवर बोर्नव्हिटाच्या डब्यांची रांग आहे आणि प्रत्येक डब्यावर स्टोअरकीपरच्या गोल, तिरप्या अक्षरात चिठ्ठी आहे: "प्लग - मेलेले", "प्लग - मरणपंथावर", "प्लग - आशा आहे". शेवटच्या डब्यात सगळ्यांत जास्त प्लग आहेत.

अशा माणसाच्या हाती जुनी चेनसॉ पडली.

उन्हाळ्यात अवकाळी वादळ आलं आणि त्यांच्या शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ आडवी झाली. मिरचीच्या वावरात अर्धी, शेजाऱ्याच्या वावरात अर्धी. भिवापुरी मिरचीला जीआय मानांकन मिळालं असलं तरी वावरात आडव्या पडलेल्या बाभळीला ते कळत नाही. मजुरांनी कुऱ्हाडीनं तोडायचे जे पैसे सांगितले ते ऐकून मामाजी म्हणाले, "इतक्यात तं मशीनच येते." मामी म्हणाल्या, "मंग घेऊन या मशीन." मामी टोमणा मारत होत्या. मामाजींनी तो हुकूम समजला.

ते नागपूरला गेले. पूर्वी नागभीडकडून येणारी छोटी गाडी होती, ती ब्रॉडगेजच्या कामासाठी 2019 मध्ये बंद झाली, म्हणून एस.टी.नं. लकडगंजात, जिथं साऱ्या विदर्भाचं लाकूड येऊन पडतं, एका गाळ्याच्या मागच्या बाजूला त्यांना ही मशीन मिळाली. 58 सीसीची, चिनी बनावटीची, 22 इंची बार, आणि रंग एका नामांकित जर्मन मशीनसारखा, म्हणजे लांबून बघितलं तर. विकणारा म्हणाला, "काका, एकाच हातची आहे. घरगुती वापर." बावीस इंची करवतीचा घरगुती वापर काय, हे मामाजींनी विचारलं नाही. परतीच्या गाडीत ती मांडीवर घेऊन ते उमरेडपर्यंत उभ्या प्रवाशांकडे अभिमानानं बघत आले. उभे प्रवासी त्यांच्यापासून जरा लांब उभे राहिले.

आता मशीनचा रोग. दोरी ओढली की चौथ्या-पाचव्या झटक्याला चालू व्हायची. चांगली गुरगुरायची, रेस दिली की गल्लीतली कुत्री पळायची. आणि दोन मिनिटांनी, ऐन रंगात आल्यावर, मान टाकायची. मग ओढा दोरी. काही नाही. चहा घेऊन या, पुन्हा ओढा, पुन्हा चालू. पुन्हा दोन मिनिटं.

भिवापुरात या रोगाचं निदान चौकात उभ्या असलेल्या कोणीही करू शकतो, कारण आपल्याकडे सगळ्या पेट्रोल इंजिनांना एकच रोग होतो: कार्बोरेटरमध्ये कचरा. मोटरसायकल बंद पडली, कचरा. फवारणी पंप बंद पडला, कचरा. पानठेल्यावर एकानं मशीन बघितलीसुद्धा नव्हती, आवाज ऐकून तो म्हणाला, "कचरा आला मामाजी." मामाजींनाही ते पटलं. ते फवारणी पंप दुरुस्त करणाऱ्या पोऱ्याकडे गेले. हा पोऱ्या मोठा झाला आरएक्स 100 आणि एम-80 वर. टू-स्ट्रोक त्याच्या रक्तात आहे. त्यानं कार्बोरेटर उघडला आणि चक्रावला नाही, कारण फवारणी पंपात असाच असतो, पण मामाजी चक्रावले. आत फ्लोट नव्हता. गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची वाटी असते आणि तिच्यात फ्लोट तरंगतो. चेनसॉ आडवी धरायची, उलटी धरायची, झाडाच्या बुंध्याशी तिरकी लावायची. वाटी असती तर पेट्रोल सांडलं असतं. म्हणून तिथं रबराचे दोन पातळ पडदे असतात. क्रँककेसमधला दाब पिस्टनबरोबर खालीवर होतो, तो एका बारीक भोकातून पहिल्या पडद्याला हलवतो, आणि तो पडदा टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. दुसरा पडदा किती सोडायचं ते ठरवतो.

"म्हणजे श्वास घेते," मामाजी म्हणाले. पोऱ्या म्हणाला, "तसंच समजा." मामाजींनी तसंच समजलं, आणि ते पुढे कामाला आलं.

पडदे कडक झाले होते. पंपावर आता जे पेट्रोल मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. मशीन महिनोन्‌महिने टाकीत पेट्रोल ठेवून पडून राहिली की वास व्हार्निशसारखा येतो आणि पडदा पापडासारखा होतो. नवी किट बसवली. जुने पडदे मामाजींनी मागून घेतले, "पडदे - म्हातारे" अशा डब्यात गेले. मशीन चालू झाली. दोन मिनिटं.

पुढचा आरोपी कॉइल. गरम झाली की मरणारी कॉइल हा टू-स्ट्रोकवाल्यांचा दुसरा लाडका संशय, आणि खरं सांगायचं तर वावगाही नाही. लक्षण हुबेहूब असंच असतं. नवी कॉइल आली. फ्लायव्हीलच्या चुंबकापासून ती साधारण पाव मिलिमीटर लांब ठेवायची असते. मामाजींनी मधे एका विमा एजंटाचं व्हिजिटिंग कार्ड घातलं, स्क्रू कसले, कार्ड ओढून काढलं. एजंट खूष झाला असता. मशीन चालू झाली. दोन मिनिटं.

प्लग काढला. काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा पडला असेल तर कमी, चॉकलेटी असेल तर तब्येत ठणठणीत. हा पांढरटपणाकडे झुकत होता. मामाजी तो प्लग खिशात घेऊन आठवडाभर फिरले. चहा पिताना काढून बघायचे. मिश्रणही तपासलं: अशा मशीनला लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल, ते त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या झाकणानं मोजून टाकलं होतं, मामींच्या औषधाच्या, मामींना खोकला असताना.

इथपर्यंत कोणीही दुरुस्ती करतो तसंच चाललं होतं. पण मामाजींना मशीन दुरुस्त करण्यात मुळात फारसा रस नव्हता. त्यांना हे कोणी केलं ते हवं होतं.

एका दुपारी त्यांनी मशीन ओसरीवर पोत्यावर उघडली आणि मला हाक मारली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात मामींच्या शिवणकामाची टाचणी. "पाह्य," ते म्हणाले, "एक हात म्हणे. हे तीन हात हाय."

पहिला मालक त्यांनी चेनवरून काढला. चेनचे दात बारच्या वरच्या बाजूला टोकाकडे तोंड करून असायला हवेत. मार्गदर्शक कड्यांवर मागचे ओरखडे सांगत होते की काही काळ ही चेन उलटी चढवून चालवली गेली. उलटी चेन लाकूड कापत नाही, नुसतं घासते, धूर काढते. "उलटी चेन, आणि वरून जोर लावून राह्यला. अडाणी नाई हा. घाईचा हाय. बायको जेवाले हाका मारत असन." त्या मालकाला त्यांनी नाव ठेवलं, घाईवाला.

दुसरा स्क्रूवरून. फुलीच्या स्क्रूत सपाट पेचकस घालून फिरवल्यावर जे होतं ते तिथं झालं होतं, चारपैकी तीन डोकी गोल. पेट्रोलची नळी तडकली होती तिथं काळी चिकटपट्टी, तिच्यावर तार, तारेवर पुन्हा चिकटपट्टी. "हा कंजूस नाई. कंजूस माणूस तार दोनदा वापरत नाई. हा आळशी हाय. सामानाच्या दुकानात जायचं जिवावर येते याच्या." थोडं थांबून, "शिकला असन भरपूर."

आणि तिसरा. इथं मामाजींचा आवाज बदलला. दोरीच्या स्टार्टरला नवी दोरी होती, तिचं टोक मेणबत्तीवर जाळून गोल केलेलं, गाठ अशी की ओढली तर घट्ट आणि उलट सरकवली तर सुटणारी. स्टार्टरचे स्क्रू मात्र नवे, प्रत्येकाच्या आट्यांत ग्रीसचा ठिपका. एअर फिल्टर धुतलेला. चेनचा प्रत्येक दात गोल कानशीनं घासलेला, आणि डावी बाजू उजवीइतकीच. (माणसाचा एक हात जोरात असतो, म्हणून एका बाजूचे दात नेहमी जास्त घासले जातात आणि करवत लाकडात वाकडी जाते. हे मला मामाजींनी सांगितलं, आणि पुढे एका सुताराकडून खरं निघालं.) "असा माणूस," मामाजी म्हणाले, "भिवापुरात नाई. उमरेडात नाई. नागपुरात असन तं मले भेटला नाई."

त्यानंतर तिसरा त्यांच्या घरातच राहायला आला. जेवताना तिसऱ्याचा विषय. तो शाळामास्तर असावा की दवाखान्यातला कंपाउंडर, यावर दोन दिवस चर्चा. मामाजींचा कल कंपाउंडरकडे, कारण ग्रीसचे ठिपके सगळे एकसारखे होते, मोजून दिल्यासारखे. मी त्यांना सहज सांगितलं की साखळीची करवत मुळात डॉक्टरांनीच काढली. अठराव्या शतकाच्या शेवटी स्कॉटलंडात जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या दोघांनी, पहिल्यानं अडलेल्या बाळंतपणात हाड कापायला आणि दुसऱ्यानं रोगट हाड काढायला, हातानं ओढायची बारीक साखळीकरवत वापरली, आणि 1830च्या सुमाराला जर्मनीत बर्नहार्ड हाइने यानं तिला फिरवायचं हँडल बसवलं. झाडांवर ती त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, आणि 1929 मध्ये आंद्रेआस श्टीलनं जी पेट्रोलवरची करवत काढली ती दोघांना धरावी लागे इतकी जड होती. मामाजींनी शांतपणे ऐकून घेतलं. "मंग बराबर हाय," ते म्हणाले. "तिसरा दवाखान्यातलाच."

मामी वैतागल्या. "त्यालेच बोलवा नं जेवाले. त्याले वाढते मी."

मधल्या काळात जंगल खात्याचा गार्ड एकदा येऊन गेला होता. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य 2012 मध्ये जाहीर झालं, त्याचा काही भाग भिवापूर तालुक्यात येतो, आणि जय नावाचा वाघ 2016 मध्ये दिसेनासा झाल्यापासून तर जंगलातली काडी मोडली तरी चौकशी होते असं इथली माणसं म्हणतात. साग, मोह असल्या झाडाला हात लावायचा तर 1964च्या कायद्यानं परवानगी लागते. गार्डनं करवतीचा आवाज ऐकला, गाडीला किक मारली, आवाजाच्या दिशेनं निघाला, आणि पोचायच्या आत आवाज बंद. असं दोनचारदा झाल्यावर त्याला वाटलं कोणीतरी फार हुशार चोर आहे. शेवटी विचारत विचारत तो ओसरीवर आला. मामाजींनी त्याच्यासमोर मशीन चालू करून दाखवली. दोन मिनिटं. गार्डनं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "इतक्यात साग काय, तुराटीपण पडत नाई." आणि गेला. मामाजींना फार लागलं ते.

रोग सापडला तो तिसऱ्यामुळेच.

भिवापुरातल्या सातऱ्यांवर, म्हणजे मिरची निवडायच्या जागी, देठं खुडणाऱ्या बाया दिवसभर हात लाल करून संध्याकाळी घरी जातात त्या वेळेला, उजेड पिवळा पडला असताना, मामाजी मशीन मांडीवर घेऊन बसले होते आणि नुसते तिच्याकडे बघत होते. एकदम म्हणाले, "इतकी जुनी मशीन. तीन मालक. टाकीखाली डाग काहून नाई?"

मी म्हटलं, चांगलंच आहे की.

"चांगलं कसं? टू-स्ट्रोक हाय. आडवी ठेवली की पाझरते. पाझरलीच पाह्यजे. डाग नाई म्हणजे कोणाले तरी डाग सहन होत नव्हता." त्यांनी चष्मा वर सारला. "ज्याले डाग सहन होत नाई तो काय करन?"

मग त्यांनी टाचणी घेतली आणि टाकीच्या वरच्या अंगाला, मागच्या हँडलच्या आडोशाला बोट फिरवत गेले. तिथं एक बारीक नळी बाहेर येते. ब्रीदर म्हणतात तिला. टाकीतलं पेट्रोल जसं कमी होतं तशी तिच्यातून हवा आत यायला हवी. नाही आली तर टाकीत पोकळी तयार होते आणि कार्बोरेटरचा पडदा कितीही फडफडला तरी पेट्रोल ओढू शकत नाही. मिश्रण पातळ होतं, प्लग पांढरा पडतो, मशीन दोन मिनिटांनी गुदमरते. मग तुम्ही चहा प्यायला जाता, इकडून तिकडून थोडी हवा आत झिरपते, मशीन पुन्हा चालू होते, आणि तुम्ही कॉइल बदलता.

नळीच्या तोंडात राखाडी गोळी होती. साधं एम-सील. पण ते नुसतं कोंबलेलं नव्हतं. घासून सपाट केलेलं, आणि वरून मशीनच्याच रंगाचा ठिपका. मी दहा वेळा बघितलं असतं तरी मला दिसलं नसतं.

"तिसरा," मामाजी म्हणाले.

त्यांनी ते लगेच काढलं नाही. आधी टाकीचं झाकण सैल केलं, आतून फुस्स असा आवाज आला, आणि मशीन चालू केली. दोन मिनिटं झाली. तीन. पाच. गल्लीतली पोरं गोळा झाली. मामी पदर कानाला लावून दारात आल्या आणि काहीतरी ओरडल्या, ते ऐकू आलं नाही. मामाजींनी मशीन बंद केली, टाचणीनं गोळी उकरून काढली, नळी फुंकली, झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा दोरी ओढली. मशीन चालतच राहिली.

त्यांचा चेहरा काही खुलला नाही. "मास्तर होता," ते म्हणाले. "कंपाउंडरले माहीत असते, भोक कशाले असते ते."

मग मामी काय ओरडत होत्या ते कळलं. बाभूळ आता वावरात नव्हतीच. पावसाळा तोंडावर आला म्हणून मामींनीच मागे दोन मजूर लावून, मामाजी कार्बोरेटरच्या किटसाठी नागपूरला गेले असताना, कुऱ्हाडीनं ती तोडवून घेतली होती. जळण मागच्या पडवीत रचलेलं होतं. मामाजी दोन-चारदा पडवीत गेले असतील त्यानंतर, प्लग शोधायला, पण लाकूड त्यांच्या नजरेत भरलं नव्हतं.

चालू मशीन हातात, कापायला काही नाही. मामाजी तिला धरून गल्लीतून निघाले. शेवगा लावलेल्या घरांची दारं धडाधड बंद झाली. एका म्हातारीनं आंब्याच्या बुंध्याला पाठ टेकून बैठक मारली. मामाजी प्रत्येकाला सांगत होते, "कापत नाई, नुसतं दाखवून राह्यलो," पण त्या आवाजात कोणाला ऐकू येणार.

दहा मिनिटांत गार्डची मोटरसायकल गल्लीत शिरली. तो मशीनकडे बघत उतरला. "झाली वाट्टे चालू, मामाजी?" तो म्हणाला आणि खिशातून वही काढायला लागला.

मामाजींनी मशीन बंद केली. ते वहीकडे बघत नव्हते. गार्डच्या गाडीकडे बघत होते. हळूहळू उकिडवे बसले, चेनला बोट लावलं, बोटाचा वास घेतला. मग मागच्या चाकाशी वाकून, एक डोळा मिटून, काहीतरी न्याहाळत बसले. गार्ड वही उघडी धरून थांबला.

"ही गाडी कोणाकडून घेतली बावा तुमी?"

"उमरेडातून. सेकंडहँड."

"किती हातची म्हणे?"

"एकाच हातची."

मामाजींनी मशीन माझ्या हातात दिली आणि घराकडे तोंड करून मोठ्यानं ओरडले, "चहा टाकजो वं! टाचणी आन इकडं!"